आवाज गेला नव्हता

गेल्या महिन्यात नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, सावेडीतल्या एका सभागृहात एका सांस्कृतिक मंडळाचा वर्धापनदिन झाला. मीही गेले होते. साउंडवाली म्हणून नाही, पाहुणी म्हणून, तिसऱ्या रांगेत. मंडळाचे संस्थापक भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले आणि जुन्या दिवसांत शिरले.

"एके काळी आपल्या नगरला मुंबईचे, गोव्याचे मोठमोठे रॉक बँड यायचे," ते म्हणाले. "मैदान पुरायचं नाही. पण एका वर्षी ऐन कार्यक्रमात साउंडनं दगा दिला, आणि तेव्हापासून मोठ्या लोकांनी नगरचं नाव टाकलं." मग माझ्याकडं बघून मोठ्या मनानं हसले. "असो. मार्थाताई इथंच बसल्यात, आपण त्यांना काही बोलायचं नाही."

सगळं सभागृह माझ्याकडं वळून हसलं. मीही हसले. वयानं एवढं शिकवलंय.

घरी आले, चहा केला, आणि दुसऱ्याच दिवशी या अंकाच्या संपादकांचा फोन आला की ताई, आपल्या व्यवसायातल्या रम्य आठवणी लिहून द्या. रम्य वगैरेचं नंतर बघू. आधी जे सांगायचं ते सांगून टाकते. त्या दिवशी आवाज गेला नव्हता. मी बंद केला होता. ही कबुली समजू नका. कबुली चूक केलेल्यानं द्यायची असते. मला तो दिवस परत मिळाला तर मी तेच करीन, फक्त थोडं लवकर करीन.

आता नीट सांगते.

आमचं दुकान श्रीरामपूरला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. माझ्या वडिलांनी, पप्पांनी, ते चालू केलं तेव्हा धंद्यात भोंगे होते. पत्र्याचे, कर्ण्यासारखे. लग्न, जत्रा, टांग्यावरची सिनेमाची जाहिरात, नाताळातलं चर्चचं नाटक, सगळीकडं आमचेच भोंगे. साखर कारखान्याचा पाळी सुटल्याचा भोंगा वेगळा, आणि आमचा वेगळा, पण लहानपणी मला दोन्ही एकच वाटायचे. कारखान्याचाही भोंगा पप्पाच वाजवतात असं मी शाळेत सांगितलं होतं. दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतंच. पेंटरकडून पप्पांनी मोठ्या अक्षरांत एवढंच लिहून घेतलं होतं: 'खात्रीचा आवाज'.

पप्पांच्या गुडघ्यांनी त्यांना स्टेजवर चढू द्यायचं बंद केलं तेव्हा मी मिक्सरवर बसायला लागले. बाई मिक्सर चालवते हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. राहात्याच्या एका लग्नात नवरीच्या मावशीनं मला विचारलं, "तुमी मिक्सर बघता म्हनं. आमच्याचं भांडं गळतंय, जरा बघून देता का?" मी भांडं बघून दिलं. वायसर बदलायला हवा होता. त्या मावशींनी पुढं त्यांच्या घरातलं प्रत्येक कार्य मला दिलं.

आमचा मिक्सर म्हणजे पट्ट्यांची पेटी. प्रत्येक माइकची, प्रत्येक वाद्याची लाइन वेगळी येते आणि प्रत्येक लाइनला एक सरकती पट्टी असते. पट्टी वर सरकवली की तो आवाज वाढतो, खाली आणली की नाहीसा होतो. काम असं करायचं असतं की कुणाला तुमची आठवण येऊ नये. साउंडवाल्याकडं माना वळल्या म्हणजे काहीतरी बिघडलंय. या धंद्यात नाचक्की दोन प्रकारची. एक, माइकनं शिट्टी मारणं. दुसरी त्याहून वाईट, आवाज फाटणं. यंत्राला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज घातला की तो चरचरतो, जुनं धोतर टरकावं तसा. पप्पांनी मला आधी बाकी काही शिकवलं नाही. फाटलेला आवाज ओळखायला शिकवलं. जेवताना रेडिओवर काही चरचरलं तरी त्यांचा घास थांबायचा.

अशा घरातली मी, आणि नगरला पहिला रॉकचा कार्यक्रम आला.

कुठलीशी थंड पेयाची कंपनी गावोगाव बँड फिरवत होती. पुण्याहून संभाजीनगरकडं जाताना वाटेत नगर, म्हणून नगरला एक मुक्काम. भाऊसाहेबांच्या मंडळानं मैदान घेतलं आणि साउंड आमचं ठरलं. मुंबईहून केसाळ पोरं आली, गाड्यांतून पेट्या उतरल्या. दुपारी आवाज तपासायला एकानं गिटार जोडली आणि तार छेडली.

आवाज फाटला. अगदी चिंध्या.

मी पट्टी खाली आणली. परत फाटला. वायर बदलली, पेटी बदलली, स्टेजखाली जाऊन जोड तपासले. फाटतोच आहे. मला घाम फुटला. तो गिटारवाला वरून काही ओरडत होता, पण मी त्याला हातानंच सांगत होते, थांब बाबा, आत्ता नीट करून देते. शेवटी पट्टी आणखी खाली घेऊन, वरचे सूर कापून मी त्याचा आवाज असा गुळगुळीत करून दिला की चर्चमध्ये भजनाला चालला असता. समाधानानं वर बघितलं तर तो पोरगा गिटार गळ्यात घालून रडायचाच बाकी होता.

माझ्या शेजारी एक जण उभा होता. कारखान्याची निळी वर्दी, हाताला ऑइल. नागापूरच्या एमआयडीसीतून पाळी संपवून थेट मैदानावर आला होता. तो हळूच म्हणाला, "ताई, आवाज फाटला न्हाई. त्यांनी मुद्दाम फाडलाय. त्यो तसाच पायजे."

"मुद्दाम? कशासाठी?"

त्यानं जरा विचार केला. "आमच्या शॉपात दिवसभर लोखंड कापत्यात. घरी गेल्यावर बासरी ऐकली की ती कुन्या दुसऱ्याची वाटती. ह्यो आवाज मला माझा वाटतो."

हा सिद्धार्थ. लेथवर काम करायचा, कंत्राटी कामगार होता. मी पट्ट्या पुन्हा होत्या तशा केल्या. गिटारवाल्यानं दोन्ही हात जोडले. त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी फाटलेला आवाज एवढ्या मोठ्यानं सोडला आणि कुणी माझ्याकडं मान वळवली नाही. घरी पप्पांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हणाले, "बरं झालं." फाटल्याचं सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर असे कार्यक्रम येत राहिले. दिवस कसे होते ते या एका गोष्टीवरून कळेल. गोव्याचा बँड आला होता. पुढं सोफे, मागं खुर्च्या, त्यामागं बांबू. आमच्याकडं खुर्ची मिळाली की माणूस उठत नाही, आणि हे लोक तर नीट आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, कुटुंबासह आले होते. दोन गाणी झाली तरी सगळे मांडीवर हात ठेवून बसलेले. तिसऱ्या गाण्याआधी गायक कळवळून इंग्रजीत ओरडला, "उभे राहा, नगर, उभे राहा!"

सगळं मैदान उभं राहिलं. ताठ. हात मांडीला चिकटवून. भिंगारचे एक निवृत्त सुभेदार सोफ्याच्या रांगेत होते, त्यांनी टाचा जुळवल्या, ते बघून बाकीच्यांनीही जुळवल्या. लोकांना वाटलं राष्ट्रगीत होणार. गायकानं एवढी शिस्त जन्मात बघितली नसणार. त्यानं ड्रमवाल्याकडं बघितलं, ड्रमवाल्यानं माझ्याकडं. मग गाणं सुरू झालं आणि ते राष्ट्रगीत नाही हे कळल्यावर लोक पुन्हा शांतपणे खाली बसले. कार्यक्रम संपल्यावर राहात्याच्या एका बागाईतदारानं पेरूची पाटी आणून बँडपुढं ठेवली आणि म्हणाला, "आवाज लई चढवला तुमी. घसा धरंल. पर आधी हे खा." त्यांनी तिखटमीठ लावून पाटी संपवली.

पुण्याचे लोक हे किस्से ऐकून हसतात आणि म्हणतात, तुमच्याकडचं पब्लिक रॉकचं नाहीच. मी त्यांना सांगते, ज्यांना काहीच कळत नव्हतं आणि तरी शेवटच्या गाण्यापर्यंत बसले, ते पब्लिक तुम्ही मला तुमच्याकडं दाखवा. तुमच्याकडं लोक ओळखीचं ऐकायला जातात. आमच्याकडं अनोळखी ऐकायला यायचे. टेम्पो करून यायचे, लेकरं घेऊन यायचे. त्यांची टिंगल माझ्यासमोर करायची नाही. मी केली तर चालेल.

दरम्यान सिद्धार्थनं आपला बँड काढला होता. तो आणि त्याच्याच शॉपातले दोन सोबती. नाव ठेवलं 'ओव्हरटाइम'. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये सराव करायचे. गिटार त्यानं जुनी घेतलेली, आणि आवाज फाडायची डबी स्वतः घरी बनवलेली, पत्र्याच्या साबणदाणीत. गाणी मराठीत, त्यांची त्यांनी केलेली. एका गाण्याची सुरुवात मला अजून पाठ आहे: 'भोंगा वाजला, दार उघडा, आत गेलेला मी, बाहेर येणार कोण'. ते मी पहिल्यांदा शेडमध्ये ऐकलं तेव्हा मला माझे दोन्ही भोंगे आठवले, कारखान्याचा आणि पप्पांचा.

मग मुंबईचा फार नावाजलेला बँड नगरला यायचा ठरला. मी भाऊसाहेबांना गळ घातली की आधी थोडा वेळ आपल्या पोरांना द्या. ते लगेच हो म्हणाले. मोठ्या मनाचे ते तेव्हाही होतेच. पत्रकात खाली बारीक अक्षरांत 'ओव्हरटाइम, नागापूर' असं छापूनही आलं. सिद्धार्थची आई, भाऊ, वस्तीतले लोक, शॉपातले सोबती, सगळे मैदानावर आले. म्हातारी पांढरं लुगडं नेसून बांबूच्या मागं उभी होती. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाली, "न्हाई. बसलं की पोरगं दिसत न्हाई."

आता यात एक अडचण होती, आणि ती फक्त आमच्याकडं होऊ शकते. आमच्या जिल्ह्यात सत्काराशिवाय काहीच सुरू होत नाही. बारसं असो, बोअरवेल असो, रॉक असो. दीपप्रज्वलन, मग शाल, श्रीफळ, गुच्छ. ज्याचा सत्कार झाला तो दोन शब्द बोलणार. ज्याचा राहिला तो रुसणार, म्हणून त्याच्या नावाची चिठ्ठी वर स्टेजवर जाणार. आणि आवाज दहाला बंद करायचा हा कायदा. पोलीस मैदानावरच उभे. त्यामुळं सत्कार जेवढा लांबेल तेवढं गाणं कापलं जाणार, हे सरळ गणित.

त्या संध्याकाळी सत्कार संपेचनात. मंडळाचे झाले, कंपनीचे झाले, मांडववाल्याचा झाला, त्याच्या भावाचा झाला. स्टेजच्या कडेला सिद्धार्थ गिटार गळ्यात घालून उभा. मुंबईचे लोक घड्याळ दाखवायला लागले. त्यांच्या करारात त्यांचा वेळ पक्का होता. कापला जाणार होता तो ओव्हरटाइमचा.

मी मिक्सर सोडून स्टेजमागं गेले. भाऊसाहेब पुढच्या सत्काराच्या शाली मोजून घेत होते.

"भाऊसाहेब, पोरांचं काय?"

"ताई, बघता ना तुम्ही, किती उशीर झालाय. पोरं पुढच्या वर्षी वाजवतील."

"त्यांची माणसं आलीत. आई आली आहे."

"मग आईचा सत्कार करू की," ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटलं की हा तोडगा आहे. "आणि हे बघा, सिद्धार्थ माझाच माणूस आहे. कारखान्याला माणसं मीच पुरवतो. त्याला वाईट वाटणार नाही, मी बोलतो त्याच्याशी."

आणि ते माइककडं गेले, स्वतःच्या मनोगतासाठी. मी परत मिक्सरवर येऊन बसले. डोकं तापलं होतं. समोर पट्ट्या होत्या. डावीकडची पहिली पट्टी भाषणाच्या माइकची, तिची लाइन वेगळी. स्टेजवर मधे उभ्या केलेल्या गाण्याच्या माइकांची आणि वाद्यांची लाइन वेगळी. भाऊसाहेब म्हणाले, "मला आज माझ्या बालपणीचा एक प्रसंग..." आणि मी पहिली पट्टी खाली आणली.

भाऊसाहेबांचे ओठ हलत राहिले. सूत्रसंचालकानं माइकवर टिचकी मारली, फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" म्हणत असावा. मैदानावरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पप्पांनी उभ्या आयुष्यात जे होऊ दिलं नव्हतं, ते झालं. तोंड गरम झालं माझं. मी उठले, स्टेजवर गेले आणि वायर हातात घेऊन चेहरा पाडून म्हणाले, "साहेब, ह्या माइकची लाइन उडाली. जोड शोधायला वेळ लागेल. मधली लाइन चालू आहे. तोवर पोरं वाजवतील, नाहीतर पब्लिक उठून जाईल."

भाऊसाहेबांनी मैदानाकडं बघितलं. मागून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. त्यांनी हातातलं श्रीफळ खाली ठेवलं. "वाजवा रे," ते म्हणाले.

सिद्धार्थ माझ्याजवळून पुढं जाताना थबकला. त्याला लाइनी कळत होत्या. त्यानं बंद पडलेल्या माइककडं बघितलं, मग माझ्याकडं. पत्र्याच्या साबणदाणीवर पाय ठेवला आणि तार छेडली.

मी त्याची पट्टी वर नेली. जेवढी जायची तेवढी. आवाज असा फाटला की सोफ्यावरच्या मंडळींनी मांड्या सोडून कान धरले. भोंगा वाजला, दार उघडा. दुसऱ्या कडव्याला नागापूरची माणसं बांबूमागून गायला लागली, कारण त्यांना ते गाणं शेडमधून पाठ होतं. मग त्यांच्या पुढचे उठले. मग खुर्च्या. कुणी उभे राहा म्हटलं नव्हतं, आणि या वेळी कुणाचे हात मांडीला चिकटलेले नव्हते. सिद्धार्थची आई नाचली नाही. ती दोन्ही हातांनी बांबू धरून उभी होती आणि बांबू हलत होता.

ओव्हरटाइमनं आपला वेळ पुरता घेतला. त्यानंतर मुंबईच्या बँडनं वाजवलं, चांगलं वाजवलं, आणि दहाला मी स्वतः सगळ्या पट्ट्या खाली आणल्या.

भाषणाचा माइक काही 'दुरुस्त' झाला नाही. त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. भाऊसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं की ऐनवेळी साउंड गेलं, पण माझ्या कामगार पोरांनी कार्यक्रम सांभाळला. त्यांनी सिद्धार्थच्या पाठीवर थाप मारली, पुढच्या सभेत त्याला शालही दिली. त्याच वेळी मला नगरची कामं मिळायची बंद झाली. आधी मंडळाची, मग सभांची, मग लग्नांचीही. 'खात्रीचा आवाज' या पाटीवरून चौकात विनोद व्हायला लागले.

मी खरं बोलू शकले असते. बोलले असते तर तीन माणसांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली असती. माणसं कोण पुरवतं ते वर सांगितलंच आहे. कट होता, पोरं सामील होती, असंच ते धरणार होते. म्हणून मी गप्प बसले. सिद्धार्थही गप्प बसला, आणि त्याला ते माझ्याहून जड गेलं. शाल घ्यायला जाताना त्याची मान खाली होती, असं मला त्याच्या सोबत्यानं सांगितलं.

आणि मोठे कार्यक्रम नगरला यायचे थांबले ते माझ्यामुळं, हे तर साफ खोटं. थंड पेयाच्या कंपनीनं गावं फिरणं सोडलं. रस्ता चांगला झाला, लोक पुण्याला जाऊन ऐकायला लागले. मंडळांनी डीजे धरला. त्याला माणूस लागत नाही, आईला बांबूमागं उभं राहावं लागत नाही. एका माइकची लाइन एका संध्याकाळी बंद पडली म्हणून जर एखाद्या शहराचं गाणं बंद पडत असेल, तर ते आधीच पडायला टेकलेलं होतं. माझ्या माथी मारू नका.

मला एकच गोष्ट लागून राहिली, आणि तिचा भाऊसाहेबांशी संबंध नाही. ती पप्पांची.

पप्पांना मी तेच सांगितलं होतं जे सगळ्यांना सांगितलं, की जोड सुटला. बोलायला वेळ लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानात आले तर पप्पा ती वायर मांडीवर घेऊन बसले होते. सबंध लांबी बोटांनी चाचपत होते. एक टोक उघडलं, डाग दिला, मीटर लावला, बंद केलं. दुसरं टोक उघडलं. पुढच्या दिवशी माइक खोलला. मग मिक्सरचं मागचं झाकण काढलं. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी त्यांना विचारलं, "काय हो, खात्रीचा आवाज गेला म्हनं?" ते घरी येऊन न जेवता दुकानात गेले आणि परत वायर काढून बसले. मला बघवत नव्हतं. सांगावं असं रोज वाटायचं. पण पप्पा सरळ माणूस. चर्चबाहेर कुणी पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगून टाकलं असतं.

एके दिवशी मी दुकानात गेले तेव्हा त्यांनी ती वायर गुंडाळून, दोरीनं बांधून खिळ्याला लावली होती. समोर चहा निवत होता.

"मार्था, बस," ते म्हणाले. "ह्या लायनीत काय दोष न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

"माइकात न्हाई. पेटीत न्हाई. जोड म्या सोता बघितलाय, त्यो सुटन्यासारखा नव्हताच. म्याच केलेला हाय."

मी खिळ्यावरच्या वायरकडं बघितलं.

पप्पांनी बशीत चहा ओतला. बराच वेळ फुंकर मारत राहिले. मग म्हणाले, "मग पट्टी कुनाच्या हातानं खाली आली, ते म्या विचारनार न्हाई. लोकांनी विचारलं तर मला ठावं नको. कळलं?"

"हो."

"एवढं सांग. त्या पोराचं गानं कसं झालं?"

इतके दिवस अडवून धरलेलं सगळं तोंडात आलं, आणि त्यातलं एकच बाहेर पडलं. "फाटलं, पप्पा," मी म्हणाले. "लई फाटलं."

पप्पांनी बशी खाली ठेवली. फाटलेल्या आवाजानं ज्यांचा घास थांबायचा ते माझे वडील. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, कामाला पास करताना हलवायचे तशी.

"मंग झ्याक," ते म्हणाले, आणि राहिलेला चहा प्याले.

पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात वर्धापनदिनाहून मी घरी आल्यावर सिद्धार्थचा फोन आला. त्यानं नोकरी केव्हाच सोडली, नागापुरातच स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलंय. भाऊसाहेब काय म्हणाले ते त्याच्या कानावर गेलं होतं. "ताई," तो म्हणाला, "आता सांगून टाका. माझ्या वर्कशॉपातून मला कोन काढनारे?"

म्हणून सांगितलं. भाऊसाहेब, हा अंक तुमच्याकडं येतोच, तेव्हा तुम्हीही वाचाल. पुढच्या वर्षी वर्धापनदिनाला साउंड मला द्या. दुकान आता भाचा बघतो, पण त्या दिवशी मिक्सरवर मी बसेन, आणि ओव्हरटाइमवाले येतो म्हणालेत. पाटी अजून तीच आहे. तुमचा माइक चालू राहील याची खात्री देते, गाण्याची वेळ होईपर्यंत.